अणुशक्तीनगरचं गेट

आपल्या होस्टेलचं गेट रात्री किती वाजता बंद होतं हे इथे सांगायची गरज नाही. उशीर झाला की वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये आपण जी कारणं लिहितो, त्यांचा एक वेगळा विशेषांक निघेल. (माझ्या शेजारच्या रूममधल्या एकाची आजी मागच्या सेमिस्टरला तीन वेळा अ‍ॅडमिट झाली!) असो. हा लेख गेटवरच आहे, पण त्या गेटवर नाही.

झालं असं की तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी 'अणुवीज केंद्र' हा विषय घेतला. खरं कारण सांगतो, सीनियरकडून प्रेझेंटेशन आयतं मिळत होतं. सरांनी पहिल्या दोन स्लाइड्स बघितल्या आणि म्हणाले, "रिअ‍ॅक्टरची आकृती दरवर्षी कुणीतरी काढतोच. इंधन, मंदायक, शीतक, टर्बाइन, झालं. ती भट्टी चालवणारी माणसं राहतात कुठे, त्यांची मुलं शाळेत कुठे जातात, हे कधी बघितलंस का? जगात अणूसाठी अख्खी शहरं वसवली. काही तर नकाशावरही नव्हती. तेवढं वाचून ये, मग बोलू."

रशिया-अमेरिकेचं पुस्तकात वाचता येईल, पण बघायला कुठे जाणार? तेव्हा डोक्यात आलं, आपली आत्याच की अणुशक्तीनगरला राहते! तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला. आता निवृत्तीला आलेत. लहानपणी दोन-तीनदा गेलो होतो, तेव्हा लक्षात राहिली ती फक्त सायकल. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायच्या आधी दोन दिवस तिकडे काढायचे ठरवले.

जांबे ते वाकड पूल शेअर रिक्षा, पुलाखालून मुंबईची बस, वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द. सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर गर्दी, धूळ, हॉर्न, कडेला झोपड्या आणि दुकानं. आणि मग एकदम झाडं दिसायला लागतात. त्या झाडांच्या आधी भिंत, आणि भिंतीला गेट. नाव काय, कुणाकडे, बिल्डिंग कुठली, फ्लॅट नंबर काय. आत्याला फोन. मग आत. आपल्या वॉचमनकाकांपेक्षा हे लोक फार सभ्य बोलतात, पण हसत नाहीत.

गेटच्या आत शिरलं की कानाला फरक कळतो. आवाज खाली बसतो. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी मोठाली झाडं, मागे ट्रॉम्बेचा डोंगर, आणि मुलं रस्त्याच्या मधोमध सायकल चालवताहेत! मुंबईत! ही शांतता आपोआप आलेली नाही. डॉ. होमी भाभांना झाडांचं प्रचंड वेड होतं. बांधकामाच्या आड आलेलं झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, असा त्यांचा खाक्या होता. आज आपण ट्री ट्रान्सप्लांटेशन म्हणून ज्याचं कौतुक करतो ते या माणसाने पन्नासच्या दशकात करून दाखवलं.

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर सर म्हणतील लेखात अभ्यास दिसत नाही. १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झालं, १९४८ साली अणुऊर्जा आयोग आला, आणि १९५४ साली ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्था उभी राहायला लागली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पाण्याच्या तलावात बुडवलेला गाभा, १ मेगावॅट औष्णिक क्षमता, इंधन ब्रिटनकडून आलेलं समृद्ध युरेनियम. पाण्यात दिसणाऱ्या निळ्या प्रकाशामुळे (चेरेन्कॉव्ह प्रारण, फिजिक्सच्या ओरलला विचारतात!) पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं. १९६० साली कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॅटची 'सायरस' आली. १९५७ साली ट्रेनिंग स्कूल निघालं, म्हणजे दरवर्षी देशभरातून तरुण इंजिनीयर आणि शास्त्रज्ञ ट्रॉम्बेला यायला लागले. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून भाभा गेले आणि पुढच्या वर्षी संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

आता एवढी माणसं ठेवायची कुठे? मुंबईत तेव्हाही घर मिळणं कठीण होतं. म्हणून डोंगराच्या अलीकडे वसाहत झाली, ती अणुशक्तीनगर. डोंगराच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, भट्ट्या आणि प्रयोगशाळा. घर सरकारी, दवाखाना खात्याचा, शाळा खात्याच्या. १९६९ साली अणुऊर्जा शिक्षण संस्था सुरू झाली. तिच्या शाळांना नावं नाहीत, नंबर आहेत. माझी आत्येबहीण 'चार नंबर'ला होती आणि 'सहा नंबर'वाल्यांशी तिचं कधी पटलं नाही. अशाच शाळा तारापूरला, राजस्थानात रावतभाट्याला, तमिळनाडूत कल्पाक्कमला. बापाची बदली झाली की पोरगं हजार किलोमीटर जातं, पण पुस्तकं तीच, गणवेश तोच, शेजारीसुद्धा ओळखीचे निघतात. आत्या म्हणते, "आमचा सगळा देश एकच कॉलनी आहे रे, फक्त हवा बदलते."

संध्याकाळी मी वही काढून काकांसमोर बसलो.

"काका, तुम्ही नक्की काम काय करता?"

"ऑफिसला जातो."

"ते माहितीये. पण कुठल्या डिव्हिजनला, काय बनवता?"

"बाळा, तू शंकरपाळे घे."

आत्या हसायला लागली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिलाही याहून जास्त माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला कधी विचारावंसं वाटलंही नाही. शेजारपाजारच्या सगळ्याच बायकांचं तसं. जिन्यात भेटले तर शेजारी क्रिकेटवर बोलतात, पाण्यावर बोलतात, डिपार्टमेंटवर बोलत नाहीत. काका काही मोठं गुपित सांभाळतात असं मला वाटत नाही. बहुधा ते पंप आणि व्हॉल्व्हच सांभाळत असतील. पण सवय पडली. न बोलण्याची सवय माणसाला पडते तशी कॉलनीलाही पडते.

या सवयीचं टोक पाहायचं असेल तर १९७४ सालाकडे जावं लागेल. १८ मे १९७४ ला पोखरणला पहिली चाचणी झाली. त्यातलं प्लुटोनियम 'सायरस'मधल्या इंधनातून आलेलं. तयारीची माहिती असलेले शास्त्रज्ञ-इंजिनीयर जेमतेम पाऊणशे. म्हणजे आपल्या एका वर्गापेक्षा थोडे जास्त! आपल्या वर्गात सरप्राइज टेस्टची बातमी दहा मिनिटं लपत नाही.

आता सरांनी सांगितलेल्या नकाशावर नसलेल्या शहरांकडे येऊ. अमेरिकेने १९४२-४३ मध्ये अणुबॉम्बसाठी तीन गुप्त वसाहती उभ्या केल्या : लॉस अ‍ॅलामॉस, ओक रिज आणि हॅनफर्ड. ओक रिजच्या जागेवर शेतकरी राहत होते. सुमारे तीन हजार माणसांना काही आठवड्यांच्या नोटिशीवर उठवलं आणि १९४५ पर्यंत तिथे ७५,००० वस्तीचं शहर झालं. आपण काय बनवतोय हे तिथल्या बहुतेक कामगारांना ६ ऑगस्ट १९४५ ला, हिरोशिमाची बातमी आल्यावर कळलं. लॉस अ‍ॅलामॉसमध्ये जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त पोस्ट बॉक्स १६६३.

रशियाने याहून पुढची मजल मारली. उरल पर्वताच्या पूर्वेला त्यांनी एक शहर बांधलं, ज्याचं नाव होतं चेल्याबिन्स्क-४०. (आजचं नाव ओझ्योर्स्क.) चेल्याबिन्स्क हे तिथून काही तासांवरचं दुसरंच शहर, आणि ४० हा पोस्टाचा आकडा. शेजारी मायाक नावाचा प्लुटोनियम कारखाना, पहिली भट्टी १९४८ सालची. शहराभोवती तारेचं कुंपण. सुरुवातीच्या वर्षांत आतल्या माणसांना बाहेर पडायला, नातेवाइकांना पत्र लिहायलाही बंदी होती. त्या बदल्यात मिळायचं काय? बाहेर दुकानात रांगा लागलेल्या असताना आत भरलेली दुकानं, चांगली घरं, चांगल्या शाळा, नाट्यगृह.

२९ सप्टेंबर १९५७ ला मायाकमधल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या एका टाकीची शीतकरण यंत्रणा बंद पडली, आत उष्णता साठत गेली आणि टाकीचा स्फोट झाला. (थर्मोडायनॅमिक्सवाल्यांनो, उष्णता निर्माण होते आहे आणि बाहेर जात नाही, हे गणित इथे प्रत्यक्षात घडलं.) जो ढग उठला तो शहरावरून गेला नाही, ईशान्येकडच्या खेड्यांवरून गेला. गावं उठवली, पण लोकांना कारण सांगितलं नाही. पुढच्या दोनेक वर्षांत दहा हजारांहून अधिक लोक हलवले गेले. या अपघाताला जग 'किश्तिम दुर्घटना' म्हणतं. किश्तिममध्ये स्फोट झालाच नव्हता! ते फक्त नकाशावर असलेलं सगळ्यात जवळचं गाव होतं. ज्या गावात घडलं त्याला नावच नव्हतं, म्हणून शेजाऱ्याच्या नावावर खपलं. झोरेस मेदवेदेव या देशाबाहेर पडलेल्या रशियन शास्त्रज्ञाने १९७६ साली लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला पहिल्यांदा नीट कळलं, आणि तेव्हाही पाश्चात्त्य देशांतल्या काही अणुतज्ज्ञांनी 'असं होऊच शकत नाही' म्हणून ते उडवून लावलं.

हे वाचताना मला राग रशियावर आला नाही, तो नदीच्या गोष्टीवर आला. त्या टाक्यांच्याही आधी, १९४९ पासून, मायाकचा कचरा तेचा नावाच्या नदीत सोडला जायचा. खालच्या अंगाला असलेली गावं त्याच नदीचं पाणी पीत होती, गुरांना पाजत होती. कुंपणाच्या आतल्यांना धोक्याची जरा तरी कल्पना होती, त्यांची तपासणी व्हायची, त्यांना दवाखाना होता. कुंपणाबाहेरच्याला फक्त नदी होती.

आजही रशियात अणुउद्योगाची दहा बंद शहरं आहेत. पास लागतो. आणि गंमत म्हणजे सोव्हिएत संघ मोडल्यावर कुंपण काढायचा विषय निघाला तेव्हा ओझ्योर्स्कच्या बहुतेक रहिवाशांना ते राहायला हवं होतं. बाहेर चोऱ्या होतात, नको नको ते लोक येतात, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी हिंजवडी-मारुंजीच्या कुठल्याही सोसायटीत ऐकू शकतो.

अणुशक्तीनगर आणि ओझ्योर्स्क एका तराजूत तोलणं चूक ठरेल. अणुशक्तीनगर प्रत्येक नकाशात आहे, बाहेर बेस्टचा डेपो आहे, आत पाहुणे येतात, लग्नाची वरात येते, मुलं रुईयाला नाही तर व्हीजेटीआयला जातात. आत मतदान होतं. इथे माणसं कोंडलेली नाहीत. बंद आहे ते डोंगरापलीकडचं केंद्र. अलीकडची वसाहत फार तर अर्धी बंद. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं आणि मनात म्हटलं, झाला सेमिनार. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

पण सकाळी आत्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आल्या. गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात पास. मी सहज विचारलं, "मावशी, रोज पास दाखवावा लागतो?"

"लागतो की. विसरले तर परत घरी. चिता कॅम्पला राहते मी, जाऊन येईस्तोवर तुमच्या आत्याची भांडी तशीच." मग फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "दादा, पास आता लागतो. आधी आमचं घरच इथं होतं."

मला वाटलं त्या गमतीने बोलताहेत. त्या गमतीने बोलत नव्हत्या.

मुंबईत इतर ठिकाणच्या झोपड्या हटवून महापालिकेने स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत लोकांना ट्रॉम्बेच्या बाजूला आणून बसवलं होतं. तेव्हा हा भाग शहराबाहेरचा, कुणालाच नको असलेला. त्या वस्तीचं नाव जनता कॉलनी. पुढे शेजारी अणुकेंद्र वाढलं, आणि तीच जमीन अणुऊर्जा खात्याला हवीशी झाली. लोकांनी सहजासहजी सोडली नाही. त्यांचा पुढारी होता जॉकिन अर्पुथम, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून मुंबईत आलेला एक सुतारकाम करणारा तरुण. कचरा उचलला जात नाही म्हणून त्याने काय केलं, तर वस्तीतल्या मुलांची सहल काढली. प्रत्येक मुलाच्या हातात कचऱ्याची पुडी, आणि सहलीचं ठिकाण महापालिकेचं ऑफिस! सगळा कचरा तिथे दारात. पुढे याच माणसाने झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला, २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली तो गेला.

कोर्टकचेऱ्या झाल्या, दिल्लीपर्यंत जाऊन झालं. मग आणीबाणी आली. मे १९७६ मध्ये, पोखरणनंतर बरोबर दोन वर्षांनी, पोलीस बंदोबस्तात जनता कॉलनी हटवली. सुमारे ७०,००० माणसं. त्यांना नेऊन ठेवलं ते चिता कॅम्पला, खाडीकडच्या दलदलीच्या जमिनीवर.

मावशी तेव्हा दुसरीत होत्या. त्यांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे ट्रकमध्ये त्यांच्या आईने शिलाई मशीन मांडीवर धरलं होतं, कारण खाली ठेवलं तर मोडेल. आणि दुसरी, पहिल्या पावसात नव्या जागेवर घरात एवढं पाणी आलं की त्या आणि त्यांचा भाऊ रात्रभर त्याच मशीनच्या टेबलावर बसून राहिले. "शाळा पण गेली ना तिकडची. वर्ष फुकट गेलं. मग काय, मी गेलेच नाही परत."

मी विचारलं, "राग येत नाही इथे यायला?"

"कामावर कसला राग," त्या म्हणाल्या. "झाडं छान वाढलीत मात्र."

आत्या स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं असणार. मावशी तिच्याकडे अठरा वर्षं येताहेत आणि हे तिला माहीत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

इथून पुढे माझा सेमिनार फिसकटला, म्हणजे अभ्यास वाढला. अणुभट्टीभोवती गेट लागतंच, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्लुटोनियम रस्त्यावर ठेवता येत नाही. अणुवीज केंद्राच्या बाबतीत तर नियमच आहेत. जुन्या नियमाप्रमाणे भट्टीपासून साधारण दीड किलोमीटरपर्यंत वस्तीच ठेवायची नसे, पाच किलोमीटरपर्यंत लोकसंख्येची वाढ आटोक्यात ठेवायची, आणि सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा तयार ठेवायचा. शिफ्टची माणसं जवळ राहायला हवीत, म्हणून वसाहतही लागते. इथपर्यंत इंजिनीयरिंग आहे. पण दीड किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ जमिनीवर काढलं की त्यात कुणाचं तरी शेत येतं. वहीत आपण πr² करून मोकळे होतो, सात चौरस किलोमीटर. तारापूरला पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून चालू झाल्या आणि पुढे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या (२००५ आणि २००६). त्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावं उठली. मच्छीमार आणि बागायतदार लोक. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

आपण मुळशी तालुक्यात बसून यावर फार आश्चर्य दाखवू नये. १९२१ साली याच तालुक्यात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो कशासाठी? मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनीचं धरण होणार आणि मावळ्यांची भातखाचरं बुडणार, म्हणून. धरण झालंच. पाणी भिऱ्याला उतरतं, वीज मुंबईला जाते. जांबे त्या खोऱ्यात नाही, पण आपल्या मेसमध्ये काम करणाऱ्यांपैकी एका काकांचं आजोळ त्या पाण्याखाली आहे. हेही मला याच निमित्ताने कळलं, कारण पहिल्यांदाच विचारलं.

गेटचा तिसरा प्रकार मात्र मला सगळ्यात अवघड वाटतो, तो म्हणजे माहितीचं गेट. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात १८ वं कलम होतं. त्याने सरकारला अणुकेंद्रांची माहिती उघड करण्यावर बंदी घालता यायची. १९९५ साली अणुऊर्जा नियामक मंडळाने (याचं ऑफिसही अणुशक्तीनगरातच) आपल्या अणुकेंद्रांमधल्या सुरक्षेच्या उणिवांचा एक अहवाल तयार केला. त्यात १३० मुद्दे होते. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन पद सोडल्यावर याबद्दल जाहीरपणे बोलले. अहवाल लोकांसमोर ठेवा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात. जानेवारी २००४ मध्ये निकाल लागला : सरकारला तो गुप्त ठेवता येईल.

बॉम्बची रचना गुप्त ठेवणं वेगळं आणि कुठल्या केंद्रात कुठला पाइप बदलायला हवा हे गुप्त ठेवणं वेगळं. पहिल्याने शत्रू लांब राहतो. दुसऱ्याने शेजारी अंधारात राहतो. आज नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात, ही सुधारणा खरी आहे, मी त्यातले दोन वाचलेही. पण आपल्याला लॅबमध्ये काय शिकवतात? रीडिंग चुकलं तर चुकलं असं जर्नलमध्ये लिहा. (आपण लिहीत नाही, ग्राफवर बिंदू बरोबर बसवतो, ते सोडा.) किश्तिमच्या टाकीचं तापमान कुणीतरी मोजत असणार, निदान मोजायला हवं होतं. त्याने ते कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तर कोण ऐकणार, हे टाकीच्या डिझाइनइतकंच महत्त्वाचं आहे. याचा पेपर कुठल्याही सेमिस्टरला नाही.

माझ्या रूम पार्टनरला मी हे सगळं सांगितलं. तो गेट परीक्षेची तयारी करतोय. (नावातही गेट!) गेटचा स्कोअर, मग मुलाखत, मग ट्रेनिंग स्कूलचं एक वर्ष, तेही अणुशक्तीनगरच्या होस्टेलमध्ये, आणि मग सायंटिफिक ऑफिसर. डॉ. अनिल काकोडकर याच वाटेने गेले. व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल, ट्रेनिंग स्कूल, 'ध्रुव' भट्टीचं काम, आणि शेवटी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. मेकॅनिकलच्या मराठी पोरांसाठी याहून मोठं उदाहरण नाही. पार्टनर म्हणाला, "तू एवढं बोलतोस, पण उद्या तुला बोलावलं तर तू नाही म्हणशील?"

म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? 'ध्रुव'सारखी भट्टी जवळून बघायला मिळणार असेल तर मी चालत जाईन. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी लागणारे समस्थानिक ट्रॉम्बेच्याच भट्ट्यांमध्ये तयार होत आलेत. माझ्या एका मामीला तिथे उपचार मिळाले. हे काम व्हायला हवं, आणि ते हुशार माणसांनी करायला हवं.

पार्टनर म्हणाला, "मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी म्हटलं, प्रॉब्लेम असा आहे की आत गेल्यावर मला तिथलं खूप आवडेल. झाडं आवडतील, शांतता आवडेल, मुलांची शाळा आवडेल. पाच वर्षांनी कुणी पुतण्या वही घेऊन आला तर मीही शंकरपाळ्यांची बशी पुढे करीन. आणि दारात पास दाखवून कुणी भांडी घासायला येत असेल, तर तिचं घर आधी कुठे होतं हे विचारायचं मला सुचणार नाही. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अ‍ॅप्टिट्यूडचं पुस्तक तुझ्याकडे आहे ना, दे."

एक गोष्ट राहिली. २००८ सालच्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मुंबईत 'अणुशक्तीनगर' नावाचा विधानसभा मतदारसंघ झाला. वसाहतीची मतं त्यात आहेत, पण चिता कॅम्पचीही आहेत. मावशींच्या मतदान यादीवर सगळ्यात वर छापलेलं असतं अणुशक्तीनगर. मी त्यांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हां, त्या दिवशी पास लागत नाही, आमची शाळा तिकडंच असते."

परतीच्या बसने वाकडला उतरेपर्यंत साडेनऊ झाले, जांब्याला पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले. होस्टेलचं गेट बंद. वॉचमनकाकांनी रजिस्टर पुढे केलं. मी कारणाच्या रकान्यात 'सेमिनारचे काम' असं लिहिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खरं लिही."

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)